टी-कोझी दुसऱ्याच्या किटलीवर बसत नाही: नेमकं कुठे बिघडतं आणि काय करायचं

टी-कोझी म्हणजे चहा गरम राहावा म्हणून किटलीवर घालायचं विणलेलं किंवा कापडी आवरण, आणि ते किटलीवर नीट बसत नाही हा प्रश्न इतक्या वेळा येतो की एकदाच नीट सविस्तर लिहून ठेवते. एकीने सुंदर टी-कोझी विणली, पॅटर्न सगळ्यांना दिला, दुसरीने तोच पॅटर्न घेतला, तेवढ्याच जाडीची लोकर आणली, टाके मोजून मोजून विणलं आणि किटलीवर घालायला गेली तर ती कोझी मध्येच अडकते नाहीतर खाली टेबलावर पसरते. किंवा कोणीतरी मनापासून कोझी करून भेट देते आणि ती कपाटात पडून राहते कारण तोटी भोकातून बाहेरच येत नाही. अशा वेळी विणणारीला वाटतं आपला हातच बरोबर नाही, आणि बऱ्याच जणी तिथेच टी-कोझीचा नाद सोडतात, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा हातात काहीच खोट नसते. गडबड विणताना होत नाही, पॅटर्न देताना होते. आपण टाक्यांची संख्या देतो, किटलीची मापं देत नाही.

सगळ्यात जास्त घोळ करणारं वाक्य म्हणजे "चार कपांची किटली". कप केवढा हे कोणी सांगत नाही हे एक, आणि समजा सांगितलं तरी किती चहा मावतो त्यावरून आकार कळत नाही. एक लिटर पाणी मावणारं भांडं पूर्ण गोल चेंडूसारखं असेल तर त्याचा आतला घेर साधारण ३९ सेंमी येतो, आणि तेच एक लिटर ९ सेंमी व्यासाच्या सरळसोट उभ्या भांड्यात घातलं तर घेर फक्त २८ सेंमी आणि उंची जवळपास १६ सेंमी. दोन्ही "एक लिटरच्या" किटल्या, आणि घेरात ११ सेंमीचा फरक. एकीची कोझी दुसरीवर बसणार कशी?

तर आधी तुमच्या कोझीचं नेमकं काय बिघडलंय ते बघू. किटली रिकामी करा, गार असू दे, कोझी घाला आणि लांबून शांतपणे बघा. सगळीकडूनच ढगळ आहे आणि खाली चुण्या पडून बसतेय, तर घेर चुकलाय, म्हणजे बहुतेक गेजचा (ठरावीक रुंदीत किती टाके बसतात त्याचा, पुढे सांगते) प्रश्न आहे. पोटावर नीट बसतेय पण तळाशी फुलतेय, तर किटलीचं बूड अरुंद आहे आणि पॅटर्न सरळ भांड्याचा आहे. खालचे दोन-तीन सेंमी उघडे राहतात आणि कोझी सारखी वर सरकते, तर उंची चुकली. तोटीपाशी वीण ओढली जाऊन तिरकी होतेय, तर फटीची (तोटी आणि हँडल बाहेर यायला ठेवलेल्या भोकाची) जागा चुकली. आणि पहिले काही दिवस छान बसत होती मग सैल झाली, तर टाके नाही, धागा बघायचा. या पाचांपैकी कुठला प्रकार आहे ते आधी ठरवा, कारण घेराचा प्रश्न असताना फट वाढवत बसलात तर कोझी अजूनच बिघडते.

आता मापं. घेर घेताना टेप किटलीच्या सगळ्यात फुगीर भागावरून न्यायचा पण तोटी आणि हँडलच्या आतून, म्हणजे नुसत्या पोटाचा घेर. हँडल अंगाला फार चिकटून असेल तर टेप जात नाही, तेव्हा दोरा ओवून घ्या आणि मग दोरा टेपवर मोजा, फक्त लोकरीचा धागा घेऊ नका, तो ताणला जातो आणि माप कमी भरतं, साधा शिवणाचा दोरा किंवा सुतळी घ्या. उंचीचं माप बहुतेक जणी पट्टी उभी धरून घेतात आणि तिथेच कोझी आखूड होते, कारण कोझी हवेत उभी नसते, ती पोटावरून वळून वर झाकणापर्यंत जाते. टेबलापासून पोटाच्या वळणावरून झाकणाच्या नॉबच्या बुडापर्यंत टेप चिकटवून मोजायचं. १२ सेंमी उंच गोलसर किटलीचं हे वळणावरचं माप सहज १७-१८ सेंमी भरतं. किटली जितकी बुटकी आणि पसरट तितका फरक जास्त. हे एक माप बरोबर घेतलं की अर्धे प्रश्न इथेच सुटतात, म्हणून त्यावर एवढा जोर देतेय.

मग तोटीची आणि हँडलची मापं. टेबलापासून तोटी जिथे अंगाला चिकटते त्याचं खालचं टोक किती उंचीवर आणि वरचं टोक किती, हेच दोन आकडे हँडलचेही. ही पण वळणावरूनच. तोटीची फट आणि हँडलची फट सारखी नसते, हँडलची जवळजवळ नेहमीच लांब असते, पण कित्येक पॅटर्नमध्ये दोन्ही पॅनल (कोझीच्या दोन बाजूंचे तुकडे) सारखी विणून दोन्हीकडे सारखीच फट सोडायला सांगितलेली असते, त्यामुळे तोटीच्या खाली-वर मोकळं भोक राहतं आणि तिथून गरम हवा निघून जाते. तोटीच्या बाजूची शिवण खालून थोडी जास्त शिवा, काम झालं.

अजून एक गोष्ट बघा, तोटी आणि हँडल समोरासमोर आहेत का. जपानी क्यूसू किटलीचं हँडल बाजूला असतं, तोटीपासून साधारण काटकोनात, तिथे दोन सारख्या पॅनलची कोझी कितीही ओढली तरी बसणार नाही, एक पॅनल घेराच्या पाव आणि दुसरं पाऊण असं करावं लागतं. आणि ज्या किटलीचं हँडल झाकणावरून कमानीसारखं जातं तिला वरून चुणी घालून बंद होणारी कोझी घालताच येत नाही, तिला वरून उघडी ठेवून बटणाने मिटणारी करायची. अशा किटलीसाठी कोणी कोझी मागितली तर फोटो मागवल्याशिवाय सुया हातात घेऊच नका.

आता गेजकडे येते, ज्याचा सगळे कंटाळा करतात. गेज म्हणजे १० सेंमी रुंदीत तुमचे किती टाके बसतात. समजा पॅटर्न ४६ सेंमी घेराच्या किटलीसाठी आहे आणि एकूण ८४ टाके घालायला सांगितलेत. पॅटर्न लिहिणारीचे १० सेंमीत २० टाके बसतात, तर तिची कोझी ४२ सेंमी झाली, किटलीपेक्षा थोडी लहान, ताणून घट्ट बसली, उत्तम. तुमचा हात जरा सैल आहे आणि तुमचे १७ च बसतात, तर तेच ८४ टाके झाले ४९ सेंमीच्या वर. किटली ४६ ची. पडणारच ना ढगळ! आणि कुणाचा हात घट्ट असेल, २३ बसत असतील, तर तीच कोझी ३६.५ सेंमीची, रिब (सुलट-उलट टाक्यांची ताणली जाणारी उभ्या रेषांची वीण) ताणली जाईल पण टाक्यांमध्ये जाळी पडेल, फटी उघड्या राहतील आणि चहा गार होईल. टाके तिघींनी बरोबर मोजले, चूक एकीचीही नाही.

त्यामुळे दुसरीच्या टाक्यांच्या संख्येवर जायचंच नाही. आपला नमुना, म्हणजे चाचणीचा छोटा तुकडा, विणायचा, कमीत कमी १५ सेंमी रुंद, कारण कडेचे टाके नेहमी वेगळे पडतात, आणि मधले १० सेंमी मोजायचे. नमुना आधी धुवा, पुढे कोझी जशी धुणार तसाच, आणि वाळल्यावर मोजा. रिबचा नमुना असेल तर अगदी थोडासा ताणून मोजा. मग हिशोब सोपा आहे. विणलेली रिब असेल तर घेराच्या साधारण ९० टक्के रुंदी धरा. ४६ चे ९० टक्के म्हणजे ४१.४ सेंमी. १७ च्या गेजने साधारण ७० टाके आले. दोन पॅनल, आणि दोन सुलट दोन उलट अशी रिब दोन्ही कडांना सुलटने संपायला हवी असेल तर टाके चारच्या पटीत अधिक दोन लागतात, म्हणजे ३४ चं एक पॅनल, दोन मिळून ६८, म्हणजे ४० सेंमी. मस्त बसते. क्रोशाची कोझी असेल तर एवढं लहान करू नका, क्रोशे फार ताणत नाही, घेरापेक्षा एक-दोन सेंमी कमी पुरे.

गेज जुळत नाही म्हणून ज्या रडकुंडीला येतात त्यांनी एकदा सुईचा नंबर तपासा. "८ नंबरच्या सुया" असं लिहिलेलं असतं आणि प्रश्न असा की कुठल्या आठ? जुन्या ब्रिटिश नंबरात ८ म्हणजे ४ मिमी, आणि नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन नंबरात ८ म्हणजे ५ मिमी, आणि नंबर वाढला की सुई जाड होते. १० नंबरला तर फारच फरक, ब्रिटिश १० म्हणजे ३.२५ मिमी आणि अमेरिकन १० म्हणजे ६ मिमी, जवळजवळ दुप्पट. ज्यांच्या घरात आईच्या काळच्या सुया आहेत आणि पॅटर्न आत्ताचा आहे त्यांचं हमखास इथे बिनसतं. सुईवर नंबर असला तरी मिमी मोजून घ्या, भोकांची मापपट्टी मिळते ती एक जवळ असूच दे, आणि पॅटर्न पुढे देताना फक्त मिमीच लिहा.

क्रोशेवाल्यांचा वेगळाच ताप आहे. अमेरिकन पॅटर्नमधलं सिंगल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब (आखूड टाका), आणि त्यालाच ब्रिटिश पॅटर्नमध्ये डबल क्रोशे म्हणतात. अमेरिकन डबल क्रोशे म्हणजे आपला खांब (त्याहून उंच टाका), ब्रिटिश त्याला ट्रेबल म्हणतात. त्यामुळे घेर बरोबर येतो पण कोझीची उंची कुठच्या कुठे जाते, फट तोटीच्या वर नाहीतर खाली येते. ओळखायचं कसं? पॅटर्नमध्ये कुठेही सिंगल क्रोशे दिसलं तर तो अमेरिकन. आणि नाहीच दिसलं तर ट्रेबलची ओळ सुरू करताना किती साखळ्या घालायला सांगितल्यात ते बघा, ३ असतील तर ब्रिटिश आणि ४ असतील तर अमेरिकन. तुम्ही पुढे देताना सरळ साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब असं लिहून द्या, सगळ्यांना कळतं. गोल गोल न थांबता विणत गेलं तर मुक्या खांबाचे टाके हळूहळू एका बाजूला सरकत जातात, त्यामुळे खालून दोन फेऱ्या विणून मग फट सोडली आणि वर जोडून परत गोल विणलं तर वरची फुलं, पानं, पट्टे फटीच्या रेषेत येत नाहीत. जोडल्यावर दर फेरी उलटून विणा, सरकणं थांबतं.

धाग्याचं थोडक्यात सांगते. सुती धाग्याची रिब सुरुवातीला छान दिसते पण सुताला परत आखडायची ताकद नसते, त्यात चहाची वाफ, त्यामुळे ती लोंबायला लागते. सुती धाग्याने करायची असेल तर रिबवर भरवसा ठेवू नका, मापात घट्ट विणा आणि खाली नाडी किंवा बटण द्या. अस्सल लोकर सगळ्यात चांगली, तिच्या तंतूंमध्ये हवा अडकते आणि ती वाफेची ओल ओढून घेऊनही ओली लागत नाही, पण गरम पाणी, साबण आणि चोळणं हे तिन्ही एकत्र आलं की ती आक्रसून नमद्यासारखी होते, आणि ती परत पूर्वीसारखी होत नाही. मशीनमध्ये धुता येते अशी सुपरवॉश लोकर आक्रसत नाही पण ओली झाली की लांबते, नमुना धुऊन मोजा म्हटलं ते यासाठीच. ॲक्रिलिक स्वस्त आणि टिकाऊ, कोझीला काही वाईट नाही, मात्र त्यावर वाफेची इस्त्री एकदा जरी फिरवली तरी त्याचा ताण कायमचा जातो, रिब सपाट होते. आणि ॲक्रिलिक आगीजवळ वितळतं, कुठलीही कोझी घातलेली किटली शेगडीवर ठेवायचीच नाही हे भेट देताना तोंडाने सांगा, गृहीत धरू नका.

कापडी घुमटाची कोझी, म्हणजे वरून टोपलीसारखी पालथी घालायची, तिचा घोळ निराळा आहे आणि ती शिवणाऱ्या जास्त वैतागतात कारण कापड एकदा कापलं की उसवून परत विणता येत नाही. इथे घेर मोजायचा तो तोटी आणि हँडलच्या बाहेरून, सगळं धरून. समजा ६४ सेंमी आला, निम्मा ३२, वर शिलाईचे एकेक सेंमी दोन्हीकडे आणि सैलपणाला दोन-तीन सेंमी, असं बरेच जण कापतात आणि तरी घट्ट होते. का? कारण आतल्या बॅटिंगची, म्हणजे दोन कापडांमध्ये घालायच्या मऊ भरणाच्या थराची, जाडी कोणी धरत नाही. बॅटिंग १ सेंमी जाड असेल तर आतला घेर बाहेरच्यापेक्षा सव्वासहा सेंमीने लहान होतो. जाडी सगळ्या बाजूंनी आत येते ना, म्हणून जाडी गुणिले ६.२८. म्हणजे जाड बॅटिंग घेतलं की तुम्ही सैलपणाला सोडलेली सगळी जागा तेच खाऊन टाकतं. प्रत्येक पॅनलला सैलपणाशिवाय अजून तीन-सव्वातीन सेंमी वाढवा. आणि क्विल्टिंग, म्हणजे कापड आणि बॅटिंग एकत्र धरून वरून शिलाईच्या रेषा, करणार असाल तर मोठा तुकडा घ्या, आधी क्विल्ट करा, मग मापात कापा, कारण टाके घातले की कापड आत ओढलं जातं. अस्तर बाहेरच्या कापडापेक्षा जरा लहान हवं, शिवताना अर्धा सेंमी आत शिलाई मारली तरी चालते, नाहीतर ते आत गोळा होऊन तोटीला अडकतं.

झालेली कोझी वाचवायची कशी, हे मला जास्त विचारलं जातं, आणि बऱ्याच कोझी वाचतात, उसवायची घाई करू नका. विणलेली सैल आहे? बाजूच्या दोन शिवणी असतात आणि प्रत्येक शिवणीत दोन कडा, म्हणजे चार कडा. प्रत्येक कडेला सव्वा सेंमी आत शिवलं की पूर्ण ५ सेंमी कमी झाले. कापायचं नाही, नुसतं आतून उलट टाक्याने शिवायचं, आणि फटीच्या भागात जास्तीची कड आत दुमडून टाचायची. नुसती तळाशी फुलत असेल तर शेवटच्या ओळीतून बारीक इलॅस्टिक ओवा किंवा साखळीची नाडी, किंवा मला सगळ्यात आवडणारा उपाय म्हणजे हँडलच्या खाली एक छोटी पट्टी आणि बटण, बूड अरुंद असलेल्या किटलीला हे फार छान धरतं आणि घालायला काढायलाही सोपं.

घट्ट आहे? फटीच्या चार कडांवरून टाके उचला आणि एकेक सेंमीची पट्टी विणा, ४ सेंमी मिळतात, आणि दिसायलाही मुद्दाम केल्यासारखं दिसतं, वेगळ्या रंगाने तर फारच. अस्सल लोकर असेल तर आधी सोपा उपाय करून बघा, किटलीला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा, कोझी कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये दाबून, ओलीच किटलीवर चढवा आणि तशीच वाळू द्या. लोकर तो आकार धरते. ॲक्रिलिकला हे लागू होत नाही.

आखूड आहे? खालच्या कडेवरून टाके उचलून खाली वाढवता येतं, पण तिथे परत रिब विणू नका, कारण सुरुवातीच्या कडेवरून उलट दिशेला विणलं की टाके अर्ध्या टाक्याने सरकतात आणि रिबच्या रेषा जुळत नाहीत, कितीही नीट केलं तरी जोड दिसतो. त्यापेक्षा दोन्ही बाजूंनी सुलट अशी साधी पट्टी विणा, ती बॉर्डर म्हणून शोभते. कापडी घुमट घट्ट असेल तर आतली शिलाई उसवून शिलाईच्या बाहेरचं बॅटिंग कापून काढा, आणि तेवढ्यानं नाही झालं तर पातळ बॅटिंग घाला.

आता समजा कोझी छान बसतेय पण "चहा तरी गार होतोच" अशी तक्रार आहे. तर आधी हे बघा की किटली आधी गरम पाण्याने ऊन करून घेतली होती का, थंड जाड चिनी मातीची किटली पहिल्याच मिनिटात चहाची बरीच ऊब स्वतःच पिते. मग नॉबभोवती हात धरा, गरम हवा लागतेय का, लागत असेल तर वरचं भोक आवळा, उष्णता वर जाते आणि तिथूनच पळते. जाळीदार नक्षीची एकेरी कोझी दिसते सुंदर पण ऊब धरत नाही, तिला आतून फ्लॅनेलचं नाहीतर साध्या विणीचं अस्तर द्या. क्विल्टिंगच्या रेषा अगदी जवळजवळ मारल्या की बॅटिंग दबतं आणि त्यातली हवाच जाते, जी खरं काम करत असते, त्यामुळे बॅटिंगच्या पाकिटावर जेवढं अंतर चालेल असं लिहिलंय तेवढं ठेवा. चकाकणारं इन्सुलेटेड बॅटिंग एकटंच घालू नका, त्याला सुती बॅटिंगची जोड हवी. आणि किटली दगडी ओट्यावर ठेवत असाल तर खाली जाड मॅट ठेवा. अर्धी भरलेली किटली कशीही लवकर गार होणार, त्यात कोझीचा दोष नाही. ऊब चांगली धरली तर मात्र दुसरी तक्रार येते, चहा कडू होतो, कारण पत्ती आतच राहते आणि कोझीखाली उकळत नसली तरी मुरत राहते. तीन ते पाच मिनिटांनी पत्ती काढून मग कोझी घाला.

घुमटाच्या कोझीत वाफ साठून अस्तर ओलसर होतं, लगेच घडी घालून ठेवलं की वास येतो, बुरशीही धरते. उलटी करून वाळवा. बस.

आता देण्याघेण्याबद्दल, कारण मला सगळं इथेच सुधारावंसं वाटतं. पॅटर्न देताना वर पहिल्या ओळीतच लिहा, किटलीचा पोटाचा घेर, वळणावरची उंची, तोटी आणि हँडलची खालची-वरची टोकं, नॉबची रुंदी, झाकण सुटं आहे की बिजागरीचं. मग गेज, सुई किंवा क्रोशाची सुई मिमीमध्ये, धागा कशाचा. एवढं दिलं की घेणारी तिच्या किटलीचे आकडे घालून टाके स्वतः काढू शकते. किटलीचा एक फोटो बाजूने, शेजारी पट्टी ठेवून, हा तर सोन्यासारखा. कुणाला कोझी भेट करायची असेल तर सरप्राइजचा मोह सोडा आणि मापं मागा, किंवा तिच्या घरी गेलात तर हळूच दोऱ्याने घेर घेऊन दोऱ्याला गाठ मारून आणा. सरप्राइजच हवं असेल तर घुमटाची कोझी करा, सैल, ती बऱ्याच किटल्यांवर चालते.

पॅटर्न विकत घेतलेला असेल तर त्याच्या फोटोकॉप्या वाटू नका, डिझायनरने त्यावर मेहनत केलेली असते. पॅटर्नचं नाव सांगा, कुठे मिळतो ते सांगा, आणि तुमचं स्वतःचं जे आहे ते मोकळ्या मनाने द्या, म्हणजे तुमचं गेज, तुमच्या किटलीची मापं, कुठे काय बदललं. खरं सांगायचं तर पुढच्या व्यक्तीला पॅटर्नपेक्षा या आकड्यांचाच जास्त उपयोग होतो. करून विकायच्या असतील तर आधी डिझायनरला विचारा.

सगळ्यांनी मिळून एक कोझी करायची टूम निघते तेव्हा, म्हणजे प्रत्येकीने क्रोशाचा एक चौकोन करायचा आणि शेवटी जोडायचे, तेव्हा फेऱ्यांची संख्या ठरवू नका, तयार माप ठरवा. "पाच फेऱ्या करा" म्हटलं तर एकीचा ९ सेंमी येतो आणि एकीचा १२, "१० सेंमीचा चौकोन" म्हटलं की जो तो आपल्या हाताप्रमाणे फेऱ्या कमीजास्त करतो. ४० सेंमी घेराला असे चार चौकोन, दोनदोनच्या मध्ये फट. तरी थोडं कमीजास्त येतंच, म्हणून जोडणारी एकच व्यक्ती ठेवा आणि तिच्याकडे बॉर्डरची लोकर जास्त द्या, लहान आलेल्या चौकोनाला ती मुक्या खांबाची एक फेरी जास्त घालून सगळे सारखे करते, कुणाचाही चौकोन परत पाठवायची वेळ येत नाही. धागा मात्र सगळ्यांचा एकाच प्रकारचा हवा, एक चौकोन सुती आणि तीन लोकरीचे असले की पहिल्या धुण्यात कोझी वाकडी होते.

आणि एक छोटं काम प्रत्येक कोझीला करा, देण्याआधी आतल्या बाजूला सुती नाडीचा छोटा तुकडा टॅग म्हणून शिवा आणि त्यावर घेर, उंची आणि धागा लिहा, "४६, १८, लोकर, हाताने धुवा" एवढंच. किटल्या फुटतात, कोझी हातोहात फिरत राहतात, आणि नवीन घरी पोचलेल्या कोझीचं माप कुणाला आठवत नाही. लिहायला कपड्यांवरचा न जाणारा मार्कर वापरा, साधं बॉलपेन दोन धुण्यांत जातं, मार्कर नसेल तर एका पदरी दोऱ्याने आकडे भरा.